हुकूमनामा हातात आला, पैसे कुणी आणायचे?

प्रश्न थोडक्यात असा : काळाचौकीला सुतारकामाचा छोटा कारखाना चालवणाऱ्या एका गृहस्थांनी मालाडच्या एका कॅफेचं फर्निचर करून दिलं. पन्नास हजार आगाऊ मिळाले, उरलेले २,४०,००० मालकाने दिलेच नाहीत. दावा लावला, जिंकले. मुद्दल, त्यावर ९ टक्के व्याज आणि दाव्याचा खर्च असा हुकूमनामा (कोर्टाची डिक्री) झाला, त्यालाही अकरा महिने लोटले. कॅफे जोरात चालू आहे, मालक नवी गाडी फिरवतो, राहायला मीरा रोडला आहे. पैसे मागितले की व्हॉट्सॲपवर उत्तर येतं, ‘दुसरी ब्रांच टाकतोय, पैसा भरपूर आहे, पण तुला एक रुपया देणार नाही. कोर्टाकडून घे.’ ते विचारतात, निकाल कोर्टाने दिला तर वसुली कोर्ट का करत नाही? पोलिसांत तक्रार करू का?

पोलिसांत जाऊ नका. चौकीवरचा हवालदार कागद उलटसुलट करून ‘दिवाणी मॅटर आहे’ म्हणेल, आणि या वेळी त्याचं म्हणणं बरोबर असेल.

मी सव्वीस वर्षं मुंबईच्या कोर्टांत वसुलीचीच कामं जास्त करत आले आहे. तुमचा पहिला प्रश्न माझ्या टेबलासमोर बसून बहुतेक प्रत्येकाने विचारलाय. निकाल लागला की कोर्टाच्या लेखी तुमचा दावा संपतो. प्रतिवादीने पैसे दिले की नाही हे कोर्ट आपणहून बघत नाही. त्यासाठी तुम्ही वेगळा अर्ज करायचा. मुंबईतले वकील त्याला ‘एक्झिक्युशन’ म्हणतात, ठाणे-पालघरला गेलात की तीच ‘दरखास्त’. आणि ऋणकोची, म्हणजे पैसे देणं लागणाऱ्याची, मालमत्ता कुठे आहे हेही तुम्हीच शोधून द्यायचं. न्यायाधीश सही करतील, बेलिफ (कोर्टाचे हुकूम बजावणारा कर्मचारी) जाईल, पण कुठे जायचं ते तुम्ही सांगायचं. हिंदुस्थानात पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यावर सुरू होतात, असं लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळात इथली शेवटची अपिलं ऐकणाऱ्या कोर्टाने, १८७२ साली लिहून ठेवलंय. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरातल्या प्रलंबित दरखास्ती मोजायला लावल्या तेव्हा आकडा ८ लाख ८२ हजारांच्या पुढे गेला. दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढा, असं त्याच न्यायालयाने २०२१ पासून बजावलंय. तुमची सहा महिन्यांत निघेल असं मी सांगणार नाही. पण ती कुठे अडकते ते मला माहीत आहे, आणि बऱ्याचदा ती आपल्याच अर्जातल्या आळसामुळे अडकते.

आधी हुकूमनामा नीट वाचा. कारणं लिहिलेलं निकालपत्र नव्हे, कुणी कुणाला किती द्यायचं ते सांगणारा हुकूमनामा. प्रतिवादी म्हणून कुणाचं नाव आहे? कॅफे प्रोप्रायटरी, म्हणजे एकाच माणसाच्या मालकीचा, असेल तर कॅफे आणि मालक एकच. त्याचं खातं, त्याची गाडी, त्याचं घर, सगळ्याला हात घालता येतो. पण तुमचं बिल एखाद्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या नावाने होतं आणि हुकूमनामाही फक्त कंपनीवर झाला असेल, तर डायरेक्टरच्या फ्लॅटला तुम्ही बोटही लावू शकत नाही. शंका असेल तर तुमच्या बिलावरचा त्याचा जीएसटी नंबर सरकारी पोर्टलवर टाका. कायदेशीर नाव, धंद्याचं नाव, प्रोप्रायटर की कंपनी, मुख्य पत्ता, सगळं फुकट दिसतं.

आता घाई कसली ते सांगते. हुकूमनाम्याची अंमलबजावणी १२ वर्षांपर्यंत मागता येते, म्हणून लोक निवांत राहतात. पण हुकूमनाम्याला दोन वर्षं उलटून गेल्यावर अर्ज केलात तर कोर्टाला आधी ऋणकोला नोटीस काढावी लागते. म्हणजे तुम्ही येताय हे त्याला तुमच्याआधी कळतं. नोटीस मिळालेल्या माणसाच्या खात्यात मला आजवर कधी चार आकड्यांच्या वर रक्कम दिसलेली नाही. तुम्ही अकरा महिन्यांवर आहात, अजून वेळ आहे. मात्र त्याला आता फोन करणं, ‘बघून घेईन’ म्हणणं बंद करा. शांत बसा, त्याला वाटू दे की तुम्ही दमलात.

आणि पासबुक काढा. पन्नास हजार आगाऊ मिळाले म्हणालात. ते एनईएफटीने आले असतील तर त्या नोंदीत त्याच्या बँकेचा माग आहे. चेकने आले असतील तर तुमची बँक तपशील काढून देईल. माझ्याकडे एक कॅटरिंगवाल्या बाई आल्या होत्या, दीड लाखाचा हुकूमनामा घेऊन. ‘त्याच्या नावावर काहीच नाही हो,’ हे पालुपद. मी पासबुक मागितलं. पाच वर्षांपूर्वीची साडेसात हजारांची एक नोंद, एका सहकारी बँकेच्या दादर शाखेची. त्या एका ओळीवर आम्ही खातं जप्त केलं आणि एक लाख बारा हजार तिथेच सापडले. तो माणूस ते खातं विसरला नव्हता, बाई विसरल्या असतील असं त्याला वाटत होतं.

बँकेतली शिल्लक म्हणजे कायद्याच्या भाषेत बँक त्याला देणं लागते ती रक्कम. तिसऱ्या माणसाकडून ऋणकोला येणं असलेली अशी रक्कम जप्त करून ती थेट कोर्टात भरायला लावता येते. याला गार्निशीची कारवाई म्हणतात, तरतूद दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१, नियम ४६-अ मध्ये आहे. एक गोष्ट मात्र वकीलही विसरतात. आदेश बँकेला पोचतो त्या दिवशी खात्यात जे असेल ते अडकतं. म्हणून दिवस निवडायचा. कॅफेत शनिवार-रविवारी गर्दी असते, कार्डाने झालेल्या धंद्याचे पैसे सोमवार-मंगळवारी जमा होतात. पगार आणि भाडं साधारण ५ ते १० तारखेच्या दरम्यान जातं. तेव्हा महिनाअखेर ते चार तारीख यांतला सोमवार-मंगळवार बरा. आदेशाची तारीख तुमच्या हातात नसते, पण आदेश हाती आल्यावर बेलिफला घेऊन शाखेत कोणत्या दिवशी जायचं, हे बरंचसं असतं. खातं ओव्हरड्राफ्टचं निघालं तर हात हलवत परत यायची तयारी ठेवा. उणे शिल्लक जप्त करता येत नाही.

दुसरी जागा मला बँकेपेक्षाही आवडते : कॅफेचं डिपॉझिट. गाळा त्याच्या मालकीचा असण्याची शक्यता कमी, लिव्ह अँड लायसन्सवर असणार. मालाडसारख्या ठिकाणी गाळामालकाकडे काही लाखांचं डिपॉझिट सहज पडलेलं असतं, आणि ते तुमच्या ऋणकोचे पैसे आहेत. महाराष्ट्रात असे करार नोंदवावेच लागतात. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चवर गाव आणि सिटीएस नंबर (जागेचा नगर भूमापन क्रमांक) टाकून शोधत बसलात तर इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या कराराचा गोषवारा, मिळतो. त्यात भाडं, डिपॉझिट आणि मुदत लिहिलेली असते. सिटीएस नंबर माहीत नसेल तर कॅफेच्या भिंतीवर लावलेल्या परवान्यांवर किंवा बिल्डिंगच्या पाटीवर सापडतो. एक कॉफी प्या आणि वाचून या, बिल मात्र रोखीने द्या. डिपॉझिट जप्त केलं तरी ते लगेच हातात पडत नाही, कारण मुदत संपेपर्यंत गाळामालक ते देणं लागत नाही. पण गाळामालकाच्या हातात कोर्टाचा कागद पडला की तो आपल्या लायसन्सीला जो फोन करतो, तो दहा तारखांइतकं काम करतो. करार वाढवायच्या वेळी तर हमखास. दुसरी शाखा काढायला निघालेल्या माणसाला हे परवडत नाही.

डिलिव्हरी ॲपकडून दर आठवड्याला त्याला जे पैसे येतात, तेही याच तऱ्हेने धरता येतात. फक्त कंपनीचं कार्यालय मुंबईबाहेर असलं की हद्दीचा प्रश्न निघतो, म्हणून मी तिथून सुरुवात करत नाही.

हद्दीचं म्हणालात तर दहिसर चेकनाका. मुंबईच्या कोर्टाचा हुकूम बृहन्मुंबईपुरता : तिकडे दहिसर, इकडे मुलुंड आणि मानखुर्द. मीरा रोडचा फ्लॅट ठाणे जिल्ह्यात. त्यासाठी हुकूमनामा तिकडच्या कोर्टाकडे वर्ग करून घ्यावा लागतो; इथलं कोर्ट प्रमाणपत्र देतं, मग तिथे दरखास्त दाखल होते. काम कठीण नाही, पण कागद फोर्टहून किंवा दिंडोशीहून ठाण्याला पोचायला लोकलपेक्षा पुष्कळ जास्त वेळ लागतो. म्हणून आधी मालाडची खाती आणि डिपॉझिट, आणि त्याच वेळी वर्ग करण्याचा अर्जही टाकून ठेवा.

फ्लॅट कुणाच्या नावावर आहे ते आधी बघा. बायकोच्या नावावर असेल तर सोडून द्या. ‘पैसा त्याचाच आहे’ हे सिद्ध करण्यात तुमची पुढची सात वर्षं जातील. त्याच्या किंवा दोघांच्या नावावर असेल तर जप्ती लावा. पण लिलावाची स्वप्नं पाहू नका. अडीच-तीन लाखांसाठी अख्खा फ्लॅट विकायला कोर्ट सहसा राजी होत नाही. जेवढ्याने वसुली भागेल तेवढंच विकायचं, हा नियमच आहे. जप्तीचा खरा उपयोग वेगळा. आदेशाची प्रत सोसायटीला आणि दुय्यम निबंधकाला पोचवली की फ्लॅट विकताना, गहाण टाकताना सोसायटीची एनओसी अडते. जप्तीनंतर त्याने परस्पर विकलाच तर तो व्यवहार तुमच्याविरुद्ध चालत नाही. जप्ती तशीच लावून ठेवायची आणि मध्येमध्ये तारखेला हजर राहायचं. माझ्या एका पक्षकाराला पाच वर्षांनी अनोळखी नंबरवरून फोन आला, ‘मुलीच्या लग्नासाठी घर विकतोय, तुमचं किती होतं हो?’

आता सामानाची जप्ती. सगळ्यांच्या डोक्यात हीच असते : बेलिफ येतो, टीव्ही-फ्रिज उचलतो, शेजारी बघतात. मी तरुणपणी एका दरखास्तीत स्वतः गेले होते, घाटकोपरच्या एका चाळीत, तिसऱ्या मजल्यावर. टेम्पो आमच्या खर्चाने, दोन हमाल आमच्या खर्चाने, बेलिफचा भत्ताही आम्हीच भरलेला. दार ऋणकोच्या आईने उघडलं. टीव्ही जावयाने दिलेला, कपाट बहिणीचं, फ्रिज हप्त्यावर. उरली भांडी, गाद्या, कपडे, देव्हारा. स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, अंगावरचे कपडे, धर्माप्रमाणे काढता न येणारे दागिने, कारागिराची अवजारं, यातलं काहीही जप्त करता येत नाही. संहितेच्या कलम ६० मध्ये स्पष्ट लिहिलंय. बेलिफने वॉरंटच्या पाठीवर ‘जप्तीलायक माल मिळून आला नाही’ असं लिहिलं, आजींनी आम्हाला पाणी दिलं, आणि टेम्पोवाल्याने भाडं मात्र पूर्ण घेतलं.

घराच्या सामानाच्या वाटेला मी तेव्हापासून जात नाही. तुमच्या बाबतीत दुकानाचं सामान आहे, तिथे थोडा अर्थ आहे : कॉफी मशीन, डीप फ्रीजर, एसी, गल्ल्यातली रोकड. मशीन भाड्याचं असू शकतं, विचारून घ्या. बेलिफ सूर्यास्तानंतर राहत्या घरात शिरू शकत नाही, पण गर्दीच्या वेळी, दुपारी चार वाजता कॅफेत उभा राहू शकतो. ऋणको चेकबुक काढतो तो अशाच वेळी. तुम्ही केलेलं काउंटर आणि खुर्च्या जप्तीच्या यादीत टाकू नका मात्र. वाईट वाटेल, पण जुन्या फर्निचरला लिलावात काय भाव येतो हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता.

कुणाचा ऋणको नोकरदार असेल तर त्यांचं काम तुमच्यापेक्षा सोपं आहे. पगारातले पहिले एक हजार आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सोडून बाकी जप्त होतं. म्हणजे जप्तीला पात्र पगार ४०,००० असेल तर दरमहा १३,०००, तेही एका हुकूमनाम्यासाठी जास्तीत जास्त २४ महिने. कंपनी कापून कोर्टात भरते.

मालमत्ता सापडलीच नाही तर? हुकूमनाम्याला तीस दिवस उलटूनही पैसे आले नाहीत तर ऋणकोने आपल्या मालमत्तेचं शपथपत्र द्यावं असा आदेश मागता येतो. आदेश मिळूनही दिलं नाही तर तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद. हे हत्यार लोक फार कमी वापरतात, का ते मला कळलेलं नाही. खोटं लिहिलं तर ते पुढे त्याच्याच गळ्यात येतं, खरं लिहिलं तर तुमचं काम झालं.

‘मी अपील केलंय’ असं तो म्हणेल. विचारा, स्टे कुठे आहे? नुसत्या अपिलाने अंमलबजावणी थांबत नाही, आणि पैशाच्या हुकूमनाम्याला स्टे हवा तर वरचं कोर्ट साधारणपणे रक्कम भरायला किंवा तारण द्यायला लावतं. तुमचा हुकूमनामा एकतर्फी झालेला असेल, म्हणजे तो हजरच झाला नसेल, तर मात्र सावध. जप्ती लागताच तो ‘मला समन्सच मिळालं नाही’ म्हणत धावत येईल. समन्स बजावल्याच्या अहवालाची नक्कल आजच काढून ठेवा.

जप्ती लागली की दहातले सात ऋणको तडजोडीला येतात, आणि जिंकलेली माणसं नेमकी इथे फसतात. सांताक्रूझचा एक इलेक्ट्रिशियन आठवतो. ऋणकोने चार पोस्ट-डेटेड चेक दिले, चहा पाजला, आणि ‘वसुली पूर्ण झाली’ अशा पुरसीसवर (कोर्टात द्यायच्या लेखी निवेदनावर) सही घेतली. पहिला चेक वटला, बाकीचे तीन परत आले. दरखास्त केव्हाच निकाली निघाली होती. चेक न वटल्याची फौजदारी तक्रार झाली, पण तो आणखी एक खटला, आणखी तारखा. हप्ते द्यायचे असतील तर अटी कोर्टात लिहून दाखल करा, एक हप्ता चुकला तर संपूर्ण बाकी व्याजासह वसूल करू असं त्यात घाला, जप्ती शेवटच्या हप्त्यापर्यंत तशीच ठेवा, आणि पूर्ण वसुलीची पुरसीस शेवटचा रुपया खात्यात दिसल्यावरच द्या. व्याज थोडं सोडायला हरकत नाही. तुमच्या रकमेवर ९ टक्क्यांनी महिन्याला १,८०० रुपये चढतात. त्यातले सहा-आठ महिने सोडून रोख मिळत असेल तर मी घ्यायला सांगेन.

लघुवाद न्यायालयाचं बरेच जण विचारतात म्हणून जाता जाता : मेट्रो सिनेमाजवळच्या त्या कोर्टाच्या नावावर जाऊ नका. तिथे मुख्यतः भाडेकरूंचे दावे चालतात, पैशाच्या दाव्याची मर्यादा १०,००० रुपये आहे. तुमच्यासारखे दावे नगर दिवाणी न्यायालयातच जातात. आणि ज्यांनी ग्राहक आयोगात निकाल मिळवलाय त्यांच्या हातात एक जादा दांडका आहे : २०१९ च्या कायद्याच्या कलम ७१ खाली हीच सगळी वसुली, आणि कलम ७२ खाली आदेश न पाळल्याबद्दल एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा पंचवीस हजार ते एक लाख दंड, किंवा दोन्ही.

राहता राहिलं अटक. पैशाच्या हुकूमनाम्यात बाईला अटक होत नाही. पुरुषाला होऊ शकते, रक्कम पाच हजारांवर असेल तर तीन महिन्यांपर्यंत, पण त्याच्या जेवणाचा भत्ता आगाऊ तुम्ही भरायचा. हे ऐकून लोक हसतात, मग चिडतात. शिवाय ‘पैसे नाहीत’ एवढ्यावर कुणाला आत टाकता येत नाही. ऐपत असून तो बुडवतोय, हे तुम्हाला दाखवावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस यांच्या खटल्यात हे पक्कं केलंय. ऐपत सिद्ध करणं हे या सगळ्यातलं सर्वांत अवघड काम. बहुतेक अर्ज तिथेच पडतात, कारण ऋणको नोटिशीला उत्तर द्यायला फाटका शर्ट घालून येतो.

तुमच्या ऋणकोने मात्र ते काम स्वतःच्या हाताने, तुमच्याच फोनवर करून दिलंय. दुसरी ब्रांच टाकतोय, पैसा भरपूर आहे, रुपया देणार नाही. तो मेसेज रागाने डिलीट करू नका, फोन विकू नका, एक्स्चेंजमध्ये देऊ नका. नंबर आणि तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट काढा, भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे लागणारं प्रमाणपत्र वकिलाकडून तयार करून घ्या, आणि पासबुकासोबत त्याच फाइलमध्ये लावा.